बोटांवर मोजण्याइतके : बदलापूरची गर्दी आणि तिच्या बातम्या

गेल्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं संपता संपता मागच्या रांगेतून एक प्रश्न आला होता. मोर्चाला किती माणसं होती हे पेपरवाले ठरवतात तरी कसं? वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही तेव्हा हसून सोडून दिलं. नंतर घरी जाताना लोकलमध्ये वाटलं, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. विचारणारे अंबरनाथचे होते. आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या माणसाने गर्दीविषयी विचारलं तर ते ऐकून घ्यावं. गर्दी म्हणजे काय हे या माणसाला रोज सकाळी कळतं.

तेव्हा आज तोच विषय घेऊ. सगळ्या महाराष्ट्रातल्या मोर्चांचा इतिहास सांगत बसणार नाही. मुख्यतः एकच दिवस घेऊ, २० ऑगस्ट २०२४, बदलापूर रेल्वे स्थानक. त्या दिवशी काय घडलं हे तुम्हाला माहीत आहे. ते कसं मोजलं गेलं आणि कसं दाखवलं गेलं, याची तपासणी करू.

तारखा आधी लावून घेऊ, कारण सगळा मुद्दा तारखांतच आहे. एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला, तो १२ आणि १३ ऑगस्टच्या सुमारास. तक्रार नोंदवून घेतली गेली १६ ऑगस्टला, आणि तीसुद्धा पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवल्यावर. आरोपीला अटक झाली १७ ला. २० ला सकाळी लोक शाळेसमोर जमले, तिथून स्थानकात गेले आणि रुळांवर उतरले. सकाळी दहाच्या सुमारास गाड्या थांबल्या. संध्याकाळी सहानंतर लाठीमार करून रूळ मोकळे केले गेले. विशेष तपास पथकाची घोषणा २० तारखेलाच झाली. पोलीस अधिकाऱ्यांचं निलंबनही त्याच दिवशी. २२ ला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

आता १६ ते १९ या चार दिवसांकडे बघा. मुलींवर अत्याचार झालेला आहे, पोलिसांनी दिरंगाई केलेली आहे, आरोपी आत आहे. म्हणजे बातमीत जे काही हवं ते सगळं हजर आहे. स्थानिक पत्रकारांनी ती दिलीही. शहरात ती घरोघर पोचली, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली, 'बदलापूर बंद'ची हाक त्यातूनच उठली. पण मुंबईच्या वाहिन्यांना बदलापूर सापडलं ते २० तारखेला, दहाच्या पुढे, गाडी थांबल्यावर. गुन्हा घडला तेव्हाही ती बातमी होती, नाही असं नाही. ब्रेकिंग न्यूज झाली ती मध्य रेल्वे विस्कळीत झाल्यावर.

हे आम्ही कुणा एका वाहिनीला दोष द्यायला म्हणत नाही. स्टुडिओ लोअर परळला असला, अंधेरीला असला, तर बदलापूर हे त्याच्या दृष्टीने गावही नाही आणि शहरही नाही, इंडिकेटरवरचं एक नाव आहे. 'बदलापूर स्लो' एवढीच ओळख. त्यामुळे बदलापूरची बातमी मोजायचं त्यांचं मापही रेल्वेचंच असतं. किती गाड्या रद्द, किती गाड्या वळवल्या, चाकरमान्यांचे किती हाल.

याच पट्ट्यातली दोन उदाहरणं देतो, म्हणजे ही एका दिवसाची गोष्ट नव्हे हे लक्षात येईल.

पहिलं नेवाळीचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धावपट्टीसाठी घेतलेली जमीन परत मिळावी ही तिथल्या शेतकऱ्यांची मागणी किती वर्षांची आहे! निवेदनं झाली, बैठका झाल्या, मोर्चे झाले. मोठ्या पेपरांत त्यातलं किती आलं हे जुने अंक चाळून बघा. २२ जून २०१७ ला नौदलाच्या कुंपणाच्या कामावरून भडका उडाला, रस्ता अडला, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, छर्ऱ्यांनी शेतकरी जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. त्या दिवशी नेवाळी देशभर दिसलं. आठवड्याभरात पुन्हा दिसेनासं झालं. जमिनीचं पुढे काय झालं हे आज या सभागृहात किती जण सांगू शकतील?

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. ऑगस्ट २०२२, एसी लोकल. साध्या लोकलच्या जागी एसी गाडी आली आणि पासवाल्या माणसाची रोजची गाडीच गेली. आधी कळव्याला प्रवासी उतरले, मग बदलापूरला स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात घुसून जाब विचारला गेला. ही गर्दी काही लाखांची नव्हती. कुणी ती ड्रोनने टिपली नाही, कुणी तिला जनसागर म्हटलं नाही. पण मध्य रेल्वेने २५ ऑगस्ट २०२२ पासून एसीच्या १० वाढीव फेऱ्या मागे घेतल्या.

म्हणजे या पट्ट्याला दोन धडे मिळाले. निवेदन घेऊन प्रांत कार्यालयावर चालत गेलात तर आतल्या पानावर दोन ओळी. रुळावर किंवा रस्त्यावर बसलात तर दिवसभर थेट प्रक्षेपण, आणि कधीकधी निर्णयसुद्धा. २०२४ मध्ये लोक रुळांवर का उतरले, असा प्रश्न नंतर फार गंभीर चेहऱ्याने विचारला गेला. कुठून शिकले, म्हणे! उच्च न्यायालयानेही २२ ऑगस्टच्या सुनावणीत हेच बोलून दाखवलं, की लोकांचा तीव्र उद्रेक झाल्याशिवाय यंत्रणा हलतच नाही का. न्यायालयाने ते पोलिसांना उद्देशून विचारलं. आमच्या मते तो प्रश्न संपादकांनाही लागू आहे.

आता आकड्याकडे येऊ.

२० तारखेला बदलापूरला किती माणसं होती? तुम्ही त्या दिवसाच्या बातम्या काढा. 'हजारो', 'शेकडो', 'मोठ्या संख्येने', 'संतप्त जमाव' हे शब्द मिळतील. आपल्याकडे हे शब्द म्हणजे शिक्के आहेत. शेकडो म्हणजे बातमीदाराला आंदोलन फारसं आवडलेलं नाही. हजारो म्हणजे बरं चाललंय. लाखो म्हणजे आयोजकांनी सांगितलंय. जनसागर, भगवं वादळ, निळं वादळ, लाल वादळ असा शब्द आला की समजावं, मोजण्याचा विचारच सोडून दिलेला आहे. वादळ कोण मोजणार?

खरं तर मोजता येतं, आणि ते फार अवघड नाही. अमेरिकेत बर्कलीला हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे अध्यापक होते. १९६०च्या दशकात विद्यार्थ्यांच्या सभा त्यांच्या खिडकीखालच्या चौकात भरायच्या. चौकातल्या फरशीला चौकोन आखलेले होते. त्यांनी काही चौकोनांतली माणसं मोजली आणि भरलेल्या चौकोनांनी गुणलं. त्यांचा ठोकताळा असा, की सैलसर गर्दीत एका माणसाला साधारण दहा चौरस फूट लागतात आणि दाट गर्दीत साडेचार. संपलं. यात गणित चौथीचं आहे. लागते ती खिडकी, आणि मोजायची इच्छा.

आपल्याला तर बर्कलीला जायचीही गरज नाही. आपल्या रेल्वेची स्वतःची एक संज्ञा आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. सभेच्या मैदानात चौरस मीटरला चार माणसं झाली तरी हलता येत नाही. आपण त्याच्या तिप्पट-चौपट दाटीत कल्याणपर्यंत उभे राहतो आणि वर पत्तेही खेळतो. तेव्हा गर्दीचा अंदाज या पट्ट्यातल्या माणसाला शिकवायला नको. नऊ डब्यांची गाडी सतराशेच्या आसपास माणसांसाठी बनवलेली, आणि गर्दीच्या वेळी तीत साडेचार हजार असतात, हा आकडा वर्षानुवर्षं छापून येतोय.

हे माप बदलापूरला लावून बघू. उदाहरण म्हणून धरा, बारा डब्यांच्या गाडीइतकी, म्हणजे साधारण अडीचशे मीटर लांबी, आणि दोन रुळांची मिळून दहा मीटर रुंदी. अडीच हजार चौरस मीटर झाले. मीटरला एक माणूस धरला तर अडीच हजार, दोन धरले तर पाच हजार. शिवाय फलाट आणि पादचारी पूल वेगळे. हा काही आमचा दावा नाही, हिशेब कसा मांडावा ते दाखवतोय. पण एक गोष्ट यातून लगेच कळते. रूळ भरायला जेवढी माणसं लागतात, तेवढी सकाळच्या वेळी एकट्या एका लोकलमध्ये मावतात. फलाटावर ती आपोआप येतच असतात, कुणी आणावी लागत नाहीत.

हे एवढं लांबण लावायचं कारण पुढे आहे. दुसऱ्या दिवशी, २१ ऑगस्टला, तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं, की आंदोलक बाहेरून आलेले होते, आंदोलन राजकीय हेतूने होतं, आणि स्थानिक रहिवासी बोटांवर मोजण्याइतके होते. लाडकी बहीण योजनेचे छापील फलक कुठून आले, असाही त्यांचा सवाल होता.

बोटांवर मोजण्याइतके. त्या अख्ख्या आठवड्यात गर्दीबद्दल मांडलेला सगळ्यात नेमका सरकारी अंदाज हाच. दहा, फार तर वीस, पायाची धरून.

थोडा विनोद झाला, पण या दाव्याकडे नीट बघायला हवं. एक बाजू आधी मान्य करू. छापील फलक होते, ते कॅमेऱ्यांत दिसले. इतकी मोठी घटना घडल्यावर राजकीय कार्यकर्ते तिथे गेले नसतील असं समजणं भाबडेपणाचं होईल. दगडफेक झाली, पोलिसांना लागलं, हेही खरं. आणि सकाळची गर्दी नि दुपारची गर्दी एक नव्हती. सकाळच्या चित्रांत पालक आणि बायका दिसतात. दुपारनंतर तरुण मुलं जास्त. आठ तासांत गर्दीतली माणसं बदलतात. सकाळी आलेली बाई स्वयंपाकाला घरी जाते आणि तिच्या जागी बारावीतला पोरगा येतो. वाहिनीच्या पट्टीवर मात्र दिवसभर 'आंदोलक' हा एकच शब्द सरकत होता. दोन-तीन वेगवेगळ्या गर्द्यांना एकच नाव दिलं, की मग त्यातल्या कुठल्याही एका तुकड्यावरून सगळ्यांचा निकाल लावता येतो. सरकारने छापील फलकांवरून लावला, विरोधकांनी सकाळच्या आयांवरून.

पण 'बाहेरचे' या शब्दापाशी आम्हाला थांबायचंय. बदलापूरमध्ये बाहेरचा कोण?

जनगणना काढा. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये ९८ हजारांच्या आत होती. २०११ मध्ये १ लाख ७४ हजार. दहा वर्षांत पाऊणपट वाढ. ही वाढ पाळण्यांतून झालेली नाही. माणसं बाहेरून आली. दादर, परळ परवडेना म्हणून आली, डोंबिवली परवडेना म्हणून आली, कोकणातून आणि खानदेशातून आली. २०११ नंतर जनगणनाच झाली नाही, त्यामुळे आज शहरात किती माणसं राहतात याचा पक्का आकडा सरकारकडेही नाही. ज्या शहराची माणसं मोजलेलीच नाहीत, त्या शहराच्या मोर्चातली बाहेरची माणसं मात्र एका रात्रीत मोजून झाली.

उल्हासनगरचं तर काय सांगावं. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत उतरवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. शहराच्या जन्मदाखल्यावरच 'बाहेरचे' लिहिलेलं आहे. अंबरनाथला कारखाने आले, आयुध निर्माणी आली, माणसं कामाला आली आणि राहिली. वांगणीचा माणूस बदलापूरच्या बाजारात येतो, बदलापूरचा उल्हासनगरला कापड घ्यायला जातो, अंबरनाथची मुलगी बदलापूरच्या वर्गात शिकते. मग अंबरनाथचा रहिवासी बदलापूरच्या रुळावर उभा राहिला तर तो स्थानिक की बाहेरचा? त्याची लेक त्याच मार्गावर शाळेत जाते. त्याला राग यायला कुठल्या प्रभागाचा दाखला लागतो?

आणि समजा तरीही मोजायचंच आहे. मग ते मोजणंही शक्य होतं. त्या प्रकरणात सुमारे तीनशे जणांवर गुन्हे दाखल झाल्याचं आणि ७२ जणांना अटक झाल्याचं बातम्यांत आलं. अटकेच्या कागदावर माणसाचा पत्ता असतो. तो न्यायालयासमोर जातो. मुख्यमंत्री म्हणतात बाहेरचे, विरोधक म्हणतात स्थानिक, अशा वेळी बातमीदाराने काय करायचं? दोघांची विधानं शेजारी शेजारी छापायची, की न्यायालयात जाऊन रिमांडचे कागद बघायचे? ज्यांनी ती तसदी घेतली असेल त्यांचं कौतुकच आहे. पण संध्याकाळच्या चर्चेत चार प्रवक्ते चार चौकटींत बसवले गेले आणि 'आंदोलन की राजकारण?' असा प्रश्न पडद्यावर आला, तेव्हा पत्त्याचा साधा प्रश्न हवेत गेला. त्याच्याबरोबर त्या ७२ जणांचंही काय झालं ते विचारायचं राहिलं. यात शिकणारी मुलं होती का, कामावरून परतणारे होते का, कुणाची नोकरी गेली का? २० तारखेला त्यांचे चेहरे दिवसभर दाखवणाऱ्यांनी पुढच्या तारखांना किती वेळा कॅमेरा नेला?

इथे बाहेरचं जग थोडं आणतो, म्हणजे हा आजार फक्त आपलाच आहे असं वाटायला नको. १९९५ मध्ये वॉशिंग्टनला 'मिलियन मॅन मार्च' झाला. नावातच दहा लाख. मैदानाची व्यवस्था बघणाऱ्या सरकारी खात्याने अंदाज दिला चार लाख. आयोजकांनी खटल्याची धमकी दिली, आणि पुढे त्या खात्याने असे आकडे देणंच थांबवलं. हाँगकाँगला १६ जून २०१९ च्या मोर्चात आयोजकांचा आकडा जवळजवळ वीस लाख, पोलिसांचा तीन लाख अडतीस हजार. पोलिसांचं म्हणणं असं, की आमचा आकडा गर्दी सर्वाधिक होती त्या वेळचा आणि ठरलेल्या मार्गावरचाच आहे. यातली गंमत अशी, की दोन्ही आकडे आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. एका क्षणी रस्त्यावर किती आणि दिवसभरात येऊन गेले किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बातमीदाराने निदान एवढं विचारावं, की साहेब, हा आकडा कधीचा आणि कुठपासून कुठपर्यंतचा?

आम्ही काही जणांनी मागे अंबरनाथला एक मोर्चा मोजून पाहिला होता. कुणाचा होता ते सांगत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच जाईल. रस्त्याच्या एका बाजूला पानपट्टीपाशी उभे राहिलो. समोरून जाणाऱ्या ओळी मोजायच्या, दर दहा ओळींनंतर एका ओळीतली डोकी मोजायची. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. आमचा आकडा आयोजकांच्या भाषणातल्या आकड्याच्या एक दशांशही भरला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आयोजकांचा आकडा होता. आम्ही ओळखीच्या एका बातमीदाराला विचारलं, तर तो म्हणाला, मी पोचेपर्यंत मोर्चा संपला होता, प्रेसनोट आली ती लावली. त्याला तीन शहरं आणि दोन तालुके बघायचे होते, आणि मानधन बातमीमागे. त्याच्यावर रागवायचा धीर आम्हाला झाला नाही.

हे बोलायलाच हवं. या पट्ट्यातली पत्रकारिता अशाच लोकांच्या खांद्यावर चालते, आणि बदलापूरची बातमीही आधी त्यांनीच लावून धरली. त्याबद्दल त्यांना काय मिळालं? २० ऑगस्टलाच बातमी गोळा करणाऱ्या एका महिला पत्रकाराला शहराच्या एका माजी नगराध्यक्षांनी उद्देशून म्हटलं, की तू अशा बातम्या देतेस जणू तुझ्यावरच अत्याचार झालाय. पुढे त्या प्रकरणी गुन्हा नोंदवला गेला. गर्दी बाहेरची होती असं म्हणणं आणि बातमीदार बाईला असं बोलणं यात आम्हाला एकच तर्क दिसतो. तुझा काय संबंध, हा तो तर्क. ज्याच्या घरात घडलं त्याने बोलावं, आणि ज्याच्या घरात घडलं तो तर बोलण्याच्या अवस्थेत नसतो.

आता सप्टेंबर. २३ सप्टेंबर २०२४ ला आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या गोळीने मेला. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. बदलापुरात फटाके फुटले, पेढे वाटले गेले, तेही आपण पडद्यावर पाहिलं. विरोधकांनी चौकशीची मागणी केल्यावर सत्ताधाऱ्यांचं उत्तर काय होतं? तुम्हीच तर तेव्हा फाशी मागत होतात.

हे उत्तर सावकाश वाचण्यासारखं आहे. २१ ऑगस्टला रुळांवरची गर्दी बाहेरची होती, राजकीय होती, बोटांवर मोजण्याइतकी होती. २३ सप्टेंबरला त्याच गर्दीची घोषणा जनभावना झाली. मधल्या महिन्यात गर्दीत एक माणूसही वाढला नव्हता, गर्दी तर कधीच घरी गेली होती. आम्ही ज्या चर्चा बघितल्या त्यांत निवेदकाने प्रवक्त्याला हा साधा प्रश्न विचारलेला दिसला नाही, की ऑगस्टमधले बाहेरचे सप्टेंबरमध्ये जनता कधीपासून झाले? पुढे जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयात आला आणि त्यात आरोपीच्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार धरले गेले. त्या दिवशी पेढ्यांची जुनी दृश्यं कुणी पुन्हा लावली नाहीत.

रुळांवरच्या गर्दीच्या मागण्याही नीट बघा. शाळेवर कारवाई, पोलिसांवर कारवाई, शाळांत सुरक्षेची व्यवस्था, आणि फाशी. यांतली शेवटची ओरडून सांगण्यासारखी, म्हणून माइक तिच्यासमोर गेला. गिरीश महाजन मंत्री म्हणून समजूत घालायला आले तेव्हाही दिवसभराच्या चित्रणात उरली ती तीच घोषणा. एका आईने 'तक्रार घ्यायला एवढा वेळ का लागला' असं शांतपणे विचारलं असेल, तर ते वाक्य दोन सेकंदांच्या पट्टीत बसत नाही. गर्दी मोजली नाही हा एक दोष झाला. पण ती नीट ऐकलीही नाही, आणि न ऐकल्यामुळे तिच्या नावावर नंतर काय काय खपवता आलं हे आपण पाहिलं.

उल्हासनगरचं नाव शेवटी आलं, तेही बघून घेऊ. आरोपीच्या मृतदेहाला दफनासाठी जागा मिळेना. आधी इतर ठिकाणी विरोध झाला. शेवटी २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत मोठ्या बंदोबस्तात दफन झालं. तिथेही विरोध झाला. बातम्यांत शब्द होता 'स्थानिकांचा विरोध'. बघा, आता स्थानिक सापडले! किती स्थानिक? कुठल्या पक्षाचे, की पक्षाशिवायचे? खड्डा बुजवायला आलेली माणसं म्हणजे पाच लाखांचं शहर असं कुणी ठरवलं? २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार होती. त्यातले बाकीचे त्या दिवशी दुकानात होते, गाडीत होते, घरात होते, आणि त्यांना काय वाटत होतं हे कुणी विचारलेलं नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, २०१८ च्या किसान लाँग मार्चचं तर माध्यमांनी चांगलं केलं की. केलं. मान्य. ६ मार्चला नाशिकहून निघालेले शेतकरी, सोललेल्या तळपायांची ती छायाचित्रं अजून डोळ्यांसमोर आहेत. पण दोन गोष्टी आठवा. मोर्चा ठाण्याच्या जवळ येईपर्यंत मोठ्या वाहिन्यांना तो फारसा दिसत नव्हता. आणि सगळ्यात जास्त कौतुक कशाचं झालं? परीक्षेच्या मुलांना त्रास नको म्हणून शेतकरी सोमय्या मैदानावरून रात्रीच चालत आझाद मैदानाला गेले, याचं. कौतुक व्हायलाच हवं होतं. पण माप पुन्हा तेच निघालं, मुंबईची सोय. मुंबईला त्रास दिला नाही म्हणून ते चांगले, बदलापूरवाल्यांनी गाडी अडवली म्हणून ते संशयित. वनजमिनीचे दावे आणि पोलीस ठाण्यातली दिरंगाई, दोन्ही त्या मापाच्या बाहेर.

हल्ली तर आकडा आधीच ठरलेला असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आझाद मैदानावरच्या मराठा आंदोलनाला परवानगी मिळाली ती पाच हजार माणसांची. म्हणजे पाच हजार एकावा माणूस कागदावर बेकायदा. अशा वेळी मोजणी ही हौस राहत नाही. जास्त आकडा सांगितला तर आयोजकांवर गुन्हा, कमी सांगितला तर आंदोलन फसलं. उद्या हाच कागद बदलापूरच्या एखाद्या चौकातल्या सभेला लागला, तर आकडा कोण सांगणार? तेव्हा स्वतः मोजलेला, कधीचा आणि कुठला ते लिहिलेला आकडा आपल्याकडे असलेला बरा.

वेळ झालेली दिसते. गेल्या वेळी ज्यांनी प्रश्न विचारला ते आज आलेत, मघाशी भेटले. त्यांनी सांगितलं की २० ऑगस्टला ते स्वतः त्या स्थानकात होते. कामावर निघाले होते, गाडी पुढे जाईना, मग ते थांबले, आणि मग घरी न जाता तिथेच उभे राहिले, दुपारी दोनपर्यंत. ते अंबरनाथला राहतात. आम्ही त्यांना विचारलं, तुम्हाला आंदोलकांत धरायचं, की अडकलेल्या प्रवाशांत, की बाहेरच्यांत? ते म्हणाले, सकाळी प्रवासी होतो. आता प्रश्न घेऊ. पहिला त्यांचाच.